आठ टीबीची खंडेनवमी

“आता वीस वर्षं या घरात कुणी ‘माझा फोटो कुठाय’ म्हणून विचारायचं नाही!” ललितने जाहीर केलं.

खरं तर कुणीच विचारलेलं नव्हतं. पण सिन्नरच्या कारखान्यात दिवसभर स्टोअर सांभाळून थकलेल्या माणसाला घरातलाही पसारा बघवत नाही, त्याला कोण काय करणार! त्याने आठ टीबीची हार्डडिस्क आणली. चहाच्या डब्याएवढी, काळीभोर. तीन रविवार कंबर मोडून सगळे मोबाइल, सीड्या, पेनड्राइव्ह तिच्यात ओतले आणि मग बाकी ठिकाणचं सगळं पुसून टाकलं.

“एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवायचीच नाही. आमच्या स्टोअरचा नियम आहे!”

“अण्णांचा व्हिडिओ घेतलात ना?” आशाने विचारलं.

“सगळ्यात आधी!”

आशाचे वडील, देवळ्याचे देवरामअण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले. जन्मभर कॅमेरा दिसला की कांद्याच्या चाळीमागे लपणारा माणूस. नातीच्या, मनालीच्या, साखरपुड्यात कसेबसे चाळीस सेकंद सापडले होते. अण्णांचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तोही त्या डिस्कमध्ये.

खंडेनवमीला ललितच्या आईने, वत्सलाबाईंनी, पाट मांडला. विळी, कात्री, मिक्सर, स्कूटरची किल्ली आणि मधोमध हार्डडिस्क.

“आई, ती नको गं. नाजूक असते.”

“वर्षातून एक दिवस! आणि चालू कर तिला. झोपलेल्या यंत्राची कसली पूजा करायची?”

वाद घालायचं त्राण ललितमध्ये नव्हतं. त्याने वायर जोडली. डिस्क गुणगुणू लागली. आईचा हात पळीकडे जाताच त्याने झटकन डिस्कवर पिशवी धरली. पाण्याचा थेंबही पडू दिला नाही! हळद, कुंकू, अक्षता वाहून झाल्या. एवढं वाचवलं म्हणून मनातल्या मनात त्याने स्वतःची पाठ थोपटली.

“आता नारळ वाढव,” आई म्हणाली.

नारळ लोखंडाचा असावा. एक घाव, दोन घाव, काही नाही! तिसऱ्याला ललितने दिवसभराचा सगळा वैताग त्या नारळावर काढला. नारळ निसटून पाटावर आदळला, पाट उलटला आणि डिस्क फरशीवर.

कट्. कट्. कट्.

“बघ, बोलायला लागली!” आई खूश झाली.

ललित डिस्ककडे झेपावला. त्याने वायर काढली, लावली, पुन्हा काढली. कट्. कट्.

“तांदळात ठेव. मोबाइल भिजल्यावर ठेवतात.”

“अगं आई, भिजली नाहीये, पडलीय!”

तरी त्याने ठेवली. घाबरलेला माणूस काहीही करतो.

आशा दारात उभी होती. “अण्णा त्यातच होते ना?” तिने एवढंच विचारलं आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. पातेलीसुद्धा आपटली नाहीत. ललितला रडावंसं वाटलं.

दसऱ्यानंतर तो दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार हर्षलने डिस्क टेबलावर उपडी केली. फटींतून तांदूळ गळाले.

“काका, हे काय?”

“पांढरे डब्यातले, घोटीचे. लाल पूजेच्या अक्षता.”

हर्षलने एक उसासा सोडला. “बरं. बॅकअप कुठाय?”

“हाच बॅकअप आहे.”

“मग मूळ कुठाय?”

“पुसलं. बॅकअप आहे म्हणून.”

हर्षलने पावतीपुस्तक पुढे ओढलं. “मोठी डिस्क म्हणजे कमी बिघडते असं नसतं हो. बिघडली की जास्त जातं, एवढंच. मुंबईला पाठवतो. खात्री देत नाही.”

तीन आठवडे आशा त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली. चहा झालाय. गॅस संपलाय. ललित रोज सिन्नरहून येताना दुकानात डोकवायचा आणि हर्षल लांबूनच मान हलवायचा.

बाविसाव्या दिवशी फोन आला. निम्मं गेलं होतं, पण चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ निघाला होता. ललितने तो तिथेच मोबाइलवर घेतला आणि धावत घरी आला.

“आशा! मिळाले अण्णा!”

ती पोळी तव्यावर टाकून आली. दोघं मोबाइलवर वाकली. पडद्यावर साखरपुड्याचा मांडव होता आणि लाजून फेटा सावरणारे अण्णा. त्यांनी घसा खाकरला. थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे शूटिंग करणाऱ्या ललितकडे, रोखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

“जावईबापू, दोन्ही हातांनी धरा ते! पाडलं-बिडलं, तर मी काय पुन्हा बोलायचा नाय!”

आशा हसता हसता रडायला लागली. तिकडे पोळी जळाल्याचा वास सुटला. “परत लावा,” ती म्हणाली.

ललितने मोबाइल मुकाट्याने दोन्ही हातांनी धरला.