नवमीस कंट्रोलर पूजिला त्याची बखर

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. वाचणारे थोर, ऐकणारे त्याहून थोर, लिहिणारा मात्र यथातथाच, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणोन लेखणी उचलिली आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासरी, जिला लोक खंडेनवमी म्हणतात, त्या दिवशी व दुसरे दिवशी एका संस्थानी जे वर्तले ते येणेप्रमाणे. संस्थानाचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. विस्तार अडीच खोल्या आणि एक गॅलरी. गादीवर महाराज होते, ते पाटबंधारे खात्यात नकाशे तपासीत. बखरनवीस ठेवण्याची ऐपत नसल्यामुळे महाराज आपली बखर आपणच लिहितात, सबब हा लिहिणार आणि महाराज एकच असामी होय, हे आधीच सांगून ठेवितो, मागाहून कोणी लबाड म्हणू नये. राणीसाहेब उज्ज्वलाबाई, राज्याचा खरा कारभार त्यांचे हाती. कन्या एक, प्रणोती नावाची, वय सतरा, बारावीस होती. ही कन्या टीव्हीला खेळाची पेटी जोडून फुटबॉल खेळे आणि खेळात ऐसी तरबेज जाहली होती की गल्लीतली पोरे तिचे नाव घेतले की गप्प बसत. महाराजांस हे काही ठाऊक नव्हते, कारण महाराजांनी कधी विचारिलेच नाही. बटणे दाबून कोणाचे पोट भरले, ऐसे महाराज तीन साल जेवताना बोलत आले, आणि कन्या तीन साल खाली मान घालून भात कालवीत आली.

तो दसऱ्याचे दिवशी बाजारातल्या चौगुल्यांच्या दुकानी सामने नेमिले होते. सर्जेराव चौगुले म्हणून गृहस्थ, गेम आणि गेमचे सामान विकीत, दुकान एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात, वरती ब्लाउजपीस मॅचिंगवाला आणि शेजारी झेरॉक्स. सामन्यास सोळा गडी, त्यांत मुलगी एकटी प्रणोती, आणि दंडक ऐसा की ज्याचा त्याने आपला कंट्रोलर, म्हणजे हाती धरून खेळायचे बटणांचे यंत्र, घेऊन यावे. आठ दिवस आधी कन्या महाराजांपुढे उभी राहिली आणि तुम्ही बघायला येणार का ऐसे विचारिले, आणि महाराज वर्तमानपत्रातून डोके न काढता 'बघू' म्हणोन बोलिले. कन्या बरं म्हणोन गेली. मग वर्तमानपत्र वाचून संपले आणि 'बघू' मात्र घशात अडकून राहिला. पोरीने मागितले काय, तर बाप नुसता उभा राहावा, आणि आपण दिले काय, हे महाराजांस आठ दिवस टोचीत होते. परंतु तीन साल ज्याची टिंगल केली त्यास एकाएकी चांगले कसे म्हणावे, अब्रूचा प्रश्न पडला. महाराजांस अब्रू फार. ती कोठे ठेविली आहे हे कोणास ठाऊक नाही, पण फार.

मग खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ज्याचे जे हत्यार त्याची पूजा करावी आणि दुसरे दिवशीपर्यंत त्यास हात लावू नये, ऐसी चाल. राणीसाहेबांनी मिक्सर, शिवणयंत्र आणि स्कूटर यांस हार घातले, महाराजांची मोजपट्टी आणि पेन मांडिले, कन्येची भौतिकशास्त्राची पुस्तके मांडिली, आणि देवीच्या दर्शनास गेल्या. कन्या क्लासास गेली. महाराज एकटे राहिले, आणि एकटे राहिले की महाराजांस मसलती सुचतात. मनात आले की पोरीचे खरे हत्यार तर पूजेत नाहीच. बोलून दाखवणे होत नाही तर निदान देवापुढे मांडावे, कोणास कळणार नाही, आणि पोरगी जिंकली तर आपल्या मनास तरी ठाऊक राहील. मग कन्येच्या सॅकेतले निळे पाऊच उघडिले, त्यांतून निळा कंट्रोलर काढिला आणि पाटावर ठेविला. येथवर ठीक होते. परंतु महाराज कोणतेही काम थोडक्यात आटोपीत नाहीत. आधी ओल्या फडक्याने पुसले, मग हळद, मग कुंकू चांगले पाण्यात कालवून दोन्ही दांड्यांस, चारी बटणांस आणि मागल्या चापांसही बोटे ओढिली, अक्षता वाहिल्या, फूल बुडवून पाणी शिंपडिले, आणि डोळे मिटून जय मिळो म्हणाले. हे म्हणताना महाराजांनी पोरीचे नावही घेतले हेही येथे नमूद करितो, कारण ते खरे आहे.

मग हत्यार बोथट तर नाही ना हे पाहावे म्हणोन, हात न लावण्याची चाल मोडून, पेटी सुरू केली. तो टीव्हीतला गडी कोणी काही न दाबता आपोआप डावीकडे धावू लागला, धावत धावत मैदानाबाहेर गेला, रेषेवर जाऊन उभा राहिला आणि तेथेच पाय आपटू लागला. महाराजांनी कंट्रोलर हलविला, उलटा केला, फुंकर मारिली, पंख्याखाली धरिला, शेवटी देवास हात जोडिले, परंतु गडी डावीकडे ते डावीकडेच. तितक्यात जिन्यात राणीसाहेबांच्या चपला वाजल्या. महाराजांनी कंट्रोलर शर्टाखाली दडविला, आणि पाऊच रिकामे लागू नये म्हणोन त्यांत हातास लागला तो टीव्हीचा रिमोट कोंबून चेन लाविली. ही मसलत त्या घटकेस फार चतुर वाटली होती. चौगुल्यांकडे फोन केला तो तेथेही पूजा, दुकान उद्याच उघडेल ऐसा जाब आला. कन्या सायंकाळी आली आणि आज खेळायचे नाही, हत्याराला विसावा, ऐसे आपण होऊन बोलिली आणि सॅक उशाशी घेऊन झोपली. संस्थानात टीव्हीच्या रिमोटाचा शोध सुरू जाहला. महाराजही शोधण्यात सामील जाहले.

दुसरे दिवशी विजयादशमी. राजे लोक या दिवशी सीमा ओलांडून मोहिमेस निघतात, तैसे महाराज न्याहारी टाकून स्कूटरीवर निघाले. सामने अकरास, आपण साडेनवास पोचावे, अगदी तसाच निळा नवा कंट्रोलर घ्यावा, कन्या घरून निघण्याआधी परत जाऊन पाऊचात घालावा आणि शहाजोग तोंड करून बसावे, ऐसा बेत. तळघरात उतरले तो डोळे दिपले. भिंतभर खेळांच्या डब्या, त्यांवर तलवारी घेतलेले आणि बंदुका घेतलेले वीर, दिवे लागलेले कीबोर्ड, पोटात पंखा फिरणाऱ्या पेट्या, आणि गिऱ्हाईक सारे पंचविशीच्या आतले. महाराजांनी भारदस्त आवाजात रिमोट दाखवा म्हणितले, आणि तिघे हसले. सर्जेराव चौगुले कपाळी गंध लावून गल्ल्याशी बसले होते, ते आदबीने उठले आणि निळा परवाच संपला, काळा एक उरला आहे, दोन दिवसांनी या म्हणाले. काळा नेला तर पोरगी ओळखेल, दोन दिवस थांबावे तर सामना जाईल, ऐसा पेच पडला. महाराज विचारात पडले की खरेदी करितात, ही राजघराण्याची खोड. मग विचार करता करता कंट्रोलरच्या दांड्यांवर बोटाखाली चढवायच्या रबरी टोप्या घेतल्या, कंट्रोलर टेकवून ठेवायचा दिव्यांचा स्टँड घेतला, आणि तांबडा निळा प्रकाश पडणारा हेडफोन घेतला, तो डोक्यास घट्ट होत होता, परंतु दुकानदार साहेबांना शोभतोय म्हणाला. शेजारी गेम खेळायची खुर्ची होती, तीवर किंचित बसून पाहावे म्हणोन महाराज बसले, मागे रेलले, तो खुर्ची आडवी जाहली, पाय वर गेले, हेडफोन खाली आला, आणि दोघा कॉलेजकुमारांनी काखेत हात घालून महाराजांस उभे केले.

यांत पाऊण तास गेला. मग महाराजांनी शेवटचे हत्यार काढिले, ते म्हणजे खोटे बोलणे. शर्टाखालून निळा कंट्रोलर काढून काचेवर ठेविला आणि कडक आवाजात सांगितले की तुमच्याचकडून चार महिन्यांमागे नेला, आपोआप डावीकडे जातो, कंपनीचा दोष आहे, बदलून द्यावा. चौगुल्यांनी चष्मा लाविला, पांढरा कागद पसरिला, बारीक पेचकसाने चार स्क्रू काढिले, झाकण उचलिले आणि कागदावर हलकेच आपटिले. कागदावर कुंकवाच्या तांबड्या खपल्या पडल्या, पाठोपाठ हळद पडली, आणि मग एकामागून एक तीन तांदूळ पडले. दुकानात होते नव्हते ते सारे पुढे वाकून पाहू लागले. चौगुल्यांनी चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, "साहेब, कंपनीचा दोष असंल बी. पण कंपनी अक्षता कवापास्नं घालाय लागलीया?"

महाराजांनी हेडफोन उगाच गळ्यात अडकविला. आणि ज्या घटकेस माणसाने भुईत शिरावे वाटते नेमके त्याच घटकेस कोणी तरी जिना उतरत असते. प्रणोती उतरली. ती सराव करावा म्हणोन लवकर आली होती. तिने बापास पाहिले, तो आला याचा आनंद तिच्या तोंडावर आला, तो महाराजांनी डोळ्यांनी पाहिला, आणि तिने लगबगीने पाऊच उघडून हात घातला तो टीव्हीचा रिमोट हाती आला. मग तिने रिमोटाकडे पाहिले, कागदावरल्या तांदळांकडे पाहिले, आणि बापाच्या गळ्यातल्या तांबड्या निळ्या हेडफोनाकडे पाहिले. कोणास काही सांगावे लागले नाही.

"पप्पा, पूजा केलीत ह्याची?" ती म्हणाली.

महाराजांपाशी या वेळी तीन चार खोट्या गोष्टी तयार होत्या, आणि त्यांतली एक बरी होती. परंतु पोरगी रिमोट तसाच हाती धरून उभी होती, ते पाहून साऱ्या विसरल्या. महाराज बोलिले, "व्हय. तुझं हत्यार ते. तू जिंकावंस वाटलं म्हणून केली. तोंडानं म्हणाय पाहिजे होतं, ते जमलं न्हाई." आणि सोळांतले बारा गडी ऐकत असता महाराजांचे डोळे भरले, आणि बाहीस पुसले.  कन्येने रिमोट महाराजांचे हाती दिला आणि स्टूल ओढून चौगुल्यांपुढे बसली.

मग चौगुल्यांनी स्पिरिट आणि दात घासण्याचा ब्रश घेऊन अर्धा तास खटपट केली, कोनाकोपऱ्यांतले कुंकू काढिले, आणि जोडून पाहिले तो गडी उभा राहू लागला, परंतु मधूनच डावीकडे कलंडे. महाराज म्हणाले तो काळा नवा आत्ता घेऊ. कन्येने काळा हाती धरिला, दांडी चारदा फिरविली आणि परत ठेविला. ह्यावर हात बसलेला नाही, आपला आहे तोच बरा, किती डावीकडे जातो ते बघून तेवढा उजवीकडे धरते, ऐसे तिने सांगितले. आणि सामने सुरू जाहले. महाराज भिंतीशी उभे राहिले. पहिला गडी तिने तीन एकने मारिला, दुसरा दोन शून्याने. महाराजांस खेळातले काही कळत नव्हते, चुकीच्या गोलास टाळ्या वाजविल्या, दोनदा शेजाऱ्याने हात धरिला. तिसरा सामना उपांत्य. बरोबरी चालली असता समोरच्याने एक गोल केला, आणि अखेरच्या मिनिटास प्रणोती गोलापुढे एकटी सापडली, चेंडू मारिला, आणि तो खांबाच्या डाव्या अंगाने वीतभर बाहेर गेला. सामना गेला.

मोहीम आटोपून स्वारी वरती रस्त्यावर आली. महाराज हातात टीव्हीचा रिमोट धरून, खाली पाहत म्हणाले, माझ्या कुंकवानं घात केला, नाहीतर गेला असता आत. कन्या म्हणाली की समोरचा भारी होता आणि तिनेच मारायला उशीर केला, कुंकवाचे काही नाही. हे खरे की खोटे याचा निवाडा या बखरीने होणार नाही. मग ती स्कूटरीवर मागे बसली, सॅक मांडीवर घेतली, आणि गाडी सुरू होता होता कानाशी बोलिली, "पुढच्या वर्षीबी ठेवा पूजेत. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा."

सारांश. मोहिमेत कंट्रोलर आला नाही, हेडफोन आला, तो कोणाच्या डोक्यास बसत नाही. कन्या हरली. राणीसाहेबांस रिमोट मिळाला आणि हकीकत कळली, त्यांचे म्हणणे ऐसे की एवढा खटाटोप करण्यापेक्षा आठ दिवस आधी 'येतो' एवढेच म्हणायचे होते. महाराजांनी यावर विचार करून पाहिला, आणि ही बखर लिहावयास घेतली. लेखन समाप्त.