भिंगानेही कळले नाही

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी काकांच्या बायकोने कपाटावरचा रेडिओ उचलून खाली ठेवला, वरची धूळ पुसली आणि करंडक मावेल एवढी जागा करून ठेवली.

"अजून मिळालेला नाही," काका बुटाची नाडी बांधत म्हणाले.

"मिळाल्यावर कुठे ठेवू? डोक्यावर?"

काकांना करंडकाचं फारसं नव्हतं. त्यांना वेगळंच हवं होतं, आणि ते बायकोला सांगायलाही लाज वाटत होती. अडतीस वर्षं त्यांनी बस डेपोत वायरमनचं काम केलं. सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणत. एवढ्या वर्षांत दिवा लागला म्हणून कुणी वर मान करून बघितलं नाही. दिवा गेला की मात्र अख्खा डेपो त्यांच्या नावाने शंख करायचा. तर निदान एकदा, एका तरी जाणत्या माणसाने वाकून बघावं आणि म्हणावं, 'हे काम कुणी केलंय हो?' एवढंच.

त्यासाठी सात महिने ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. त्यांची मोटरसायकल त्यांच्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान. तिचा दिवा सहा व्होल्टचा. गाडी उभी राहिली की तो डोळे मिटायचा, रेस दिली की किलकिले करायचा. काकांनी सगळी गाडी बारा व्होल्टवर आणली. जुन्या बॅटरीचा काळा डबा आतून पोखरून त्यात नवी बॅटरी आणि रेग्युलेटर बसवला. जुन्या काचेमागे नवा बल्ब घातला. प्रत्येक वायरवर जुन्यासारखी सुती नळी चढवली, सांध्यांना सोल्डरचा डाख देऊन तो कानशीने घासला, आणि मेणाच्या दोऱ्याच्या गाठी मारल्या, त्याही कारखान्यातल्यासारख्या उजवीकडून डावीकडे. आदल्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी ऊन आलं समजून कपडे वाळत घालायला निघाली होती.

रंगाचं काम मेव्हण्याने केलं. मेव्हणा पाट्या रंगवायचा. अक्षर छापल्यासारखं, म्हणून प्रदर्शनाचा अर्जही त्यानेच भरला.

हॉलमध्ये गाडी लावल्यावर एका बाईंनी हँडलला पाटी अडकवली. काकांना अक्षरं उशिरा आली. बावन्नाव्या वर्षी डेपोतल्या वर्गात ती शिकले. त्यामुळे ते कुठलीही पाटी पुरी वाचल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी बोट ठेवून वाचलं: 'गट पहिला. जशीच्या तशी. मूळ भागांत कोणताही बदल नाही.'

"हे काय रे?" काकांनी मेव्हण्याला विचारलं. "आपला गट दुसरा. सुधारलेली."

"माहीत आहे, भाऊजी. पण सुधारलेलीला अर्जाची मागची बाजूपण भरायची होती. काय काय बदललं, कुणी बदललं, कसं बदललं... पानभर!"

"मग?"

"मग म्हटलं, दिसते तर जशीच्या तशीच."

काका तडक टेबलाशी गेले. पाटीवाल्या बाई म्हणाल्या, "आता बदल होत नाही. परीक्षकांना सांगा. त्यांच्या लक्षात येईलच म्हणा. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

काकांना ते पटलं. परीक्षक म्हणजे नावाजलेला माणूस. गळ्यात दोरीला भिंग बांधून फिरायचे, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. मागच्या वर्षी त्यांनी एक गाडी एका वॉशरवरून बाद केली होती. असा माणूस दोन मिनिटांत चोरी पकडेल, वर 'कुणी केलं?' असंही विचारेल. म्हणजे सांगायचा प्रश्नच नाही. काका गाडीमागे हात बांधून उभे राहिले.

भिंगवाले आले. सीट उचलून पाहिली. बॅटरीचा डबा टिचकी मारून पाहिला. वायरवरून भिंग मुंगीच्या चालीने नेलं. सापडलं तर कौतुक होणार होतं, आणि सापडत नव्हतं म्हणून काकांना अजूनच गुदगुल्या होत होत्या.

"नीट बघा हं," ते न राहवून म्हणाले. "डब्याच्या मागे बघा. घाई नाही."

"मी नीटच बघतो," भिंगवाले जरा फुगून म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून पुढे गेले.

"काय लिहिलं?" बायकोने विचारलं.

"सापडलं असणार. गंभीर झाले होते."

तासाभराने निकाल लागला. भिंगवाल्यांनी माईक हातात घेतला. "पहिल्या गटाचं पहिलं बक्षीस अशा गाडीला, जिची एकही तार आजवर कुणी बदललेली नाही. मी चाळीस वर्षं गाड्या बघतो आहे. असं वायरिंग पाहिलं नव्हतं. त्या गाठी, तो डाख! आजच्या माणसाच्या हातात ते राहिलेलं नाही. कोण जाणे कुठल्या कारखान्यात, कुठल्या बाकावर बसून कुणी हे केलं असेल. तो बिचारा आता हयात नसणार. त्या अनाम कारागिरासाठी आपण सगळे दोन क्षण स्तब्ध उभे राहू."

खुर्च्या सरकल्या. तीनशे माणसं माना खाली घालून उभी राहिली. काकाही राहिले, सगळे उभे असताना एकट्याने बसणं बरं दिसत नाही. पहिल्या क्षणी त्यांना भरून आलं. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की आपण आपल्यालाच श्रद्धांजली वाहतोय.

लोक खाली बसले, काका बसले नाहीत.

"तो हयात आहे!"

"कोण?" भिंगवाल्यांनी माईकवरूनच विचारलं.

"कारागीर."

"कुठे असतात ते?"

"हा काय. मीच."

हॉलमध्ये हशा पिकला. बायकोने त्यांचा शर्ट मागून ओढला. "अहो, बसा! बक्षीस मिळालंय ना? घ्या आणि चला घरी."

"बक्षीस त्या कारखान्याला मिळालंय. मी सात महिने शेडमध्ये काय माशा मारल्या?"

भिंगवाले समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, आनंदात असं होतं माणसाचं. पाणी आणू का?"

"पाणी नको. इकडे या. बारा व्होल्टची आहे गाडी. दिवाच लावून दाखवतो."

सगळे गाडीभोवती जमले. भिंगवाले हेडलाइटसमोर वाकले. काकांनी छाती पुढे काढून बटण फिरवलं.

दिवा लागला. कावीळ झाल्यासारखा पिवळा, धापा टाकणारा. आपण लागलो की नाही याची त्यालाच खात्री नव्हती.

"वा!" भिंगवाल्यांनी टाळी वाजवली. "हाच तो सहा व्होल्टचा प्रकाश! माझ्या वडिलांची गाडी डोळ्यांसमोर आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा काकांचा दिवा नीट लागला नव्हता, आणि पहिल्यांदाच त्यावर टाळ्या पडत होत्या.

ते टाकीखाली वाकले. सांगाड्याला तिथे एक स्क्रू होता, अर्थिंगचा. दिव्यातून आलेली वीज त्या स्क्रूवाटे सांगाड्यात आणि तिथून बॅटरीत परत जायची. रंगातून वीज जात नाही, म्हणून स्क्रूखालचा आणि भोवतीचा रंग काकांनी खरवडून लोखंड उघडं ठेवलं होतं. सगळ्या गाडीत त्यांच्या कामाची तेवढीच एक खूण बाहेरून दिसणारी. ती आता दिसत नव्हती. तिथे गुळगुळीत काळा रंग चमकत होता.

"इथे कुणी हात लावला?"

मेव्हण्याने छाती पुढे काढली. "मी! सकाळीच बघितलं, एवढ्या गाडीत तेवढाच ठिपका उघडा. म्हटलं, परीक्षकांच्या डोळ्यांत येईल. मारले दोन हात."

"स्क्रूवरून?"

"वरून कसं? स्क्रू काढला, खाली रंग दिला, वाळवला, परत बसवला. काम म्हणजे काम, भाऊजी."

काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बायकोच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या, मागे जाऊन उभा राहिला. मग खिशातला टेस्टर काढून त्यांनी स्क्रू सोडवला, खालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला, वायर लावली आणि स्क्रू आवळला. बटण चालूच राहिलं होतं. भिंगवालेही काचेसमोर वाकलेलेच होते, डोळ्याला भिंग लावून, वडिलांच्या आठवणीत.

प्रकाश असा आला की हॉलच्या पार मागच्या भिंतीवर भिंगवाल्यांची दोन मजली सावली उठली. सावलीच्या हातातलं भिंग परातीएवढं होतं, आणि ते गळून पडताना सगळ्यांनी पाहिलं.

भिंगवाल्यांना खुर्चीवर बसवून डोळ्यांना ओला रुमाल लावला. पाच मिनिटांनी ते रुमालाआडूनच बोलले, "काका, गाडी बाद करावी लागेल."

"करा की!" काका खुशीत म्हणाले. "फक्त लेखी द्या."

"बाद झाल्यावर लोक भांडतात. तुम्ही कागद मागताय?"

"कारणासकट."

भिंगवाल्यांनी डोळे चोळत कागद ओढला. काकांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "'गाडीची विजेची यंत्रणा मूळ नाही.' बरोबर. पण तुम्हाला कळलं नव्हतं, तेही लिहा."

भिंगवाल्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. वाईट माणूस नव्हता. त्यांनी लिहिलं, 'मालकाने स्वतः दाखवून देईपर्यंत परीक्षकाला हे कळले नाही.'

"भिंगानेही," काका हळूच म्हणाले.

पेन थांबलं. मग त्यांनी तो शब्दही घातला, खाली सही केली, आणि कागद देताना विचारलं, "त्या गाठी... उजवीकडून डावीकडे? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. जुनी गाठ सोडताना बघितली."

भिंगवाल्यांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. काकांना घरी जाईपर्यंत तो हात खिशात घालावासा वाटला नाही.

कपाटावर आता तो कागद चौकटीत आहे. चौकट मेव्हण्याने रंगवली. काच आणि कागद मात्र काकांनी आपल्या हातांनी बसवले, त्याला लांब उभं करून. पहिले चार दिवस बायको म्हणायची, "लोकांच्या घरी जिंकल्याचे कागद असतात, आमच्याकडे बाद झाल्याचा." पाचव्या दिवशी शेजारीण आली, तेव्हा बायकोनेच तो खाली काढून वाचून दाखवला आणि 'भिंगानेही'पाशी दम घेतला.

पुढच्या रविवारी फाटकाशी एक मोटरसायकल ढकलत आणलेली दिसली. तिच्यामागे भिंगवाले होते, घामाघूम.

"माझी," ते म्हणाले. "सहा व्होल्ट. संध्याकाळी हिच्यावर निघालो की खड्डा आधी लागतो, दिसतो नंतर. कराल?"

"करीन. पण चोरून नाही."

"चोरून कशाला? पुढच्या वर्षी मी परीक्षक नाही, स्पर्धक आहे. दुसऱ्या गटात." त्यांनी खिशातून अर्ज काढला. "पुढची बाजू भरलीय. मागचं मला जमेना, काय काय बदलणार ते मला कुठे ठाऊक?"

"द्या इकडे, भाऊजी," मेव्हणा पेन काढत म्हणाला. "माझं अक्षर..."

"तू बस."

काकांनी अर्ज शेडमधल्या बाकावर उलटा केला, चष्मा लावला आणि एकेक ओळ स्वतः भरत गेले. बॅटरी. रेग्युलेटर. बल्ब. अर्थिंग. तासभर लागला, भिंगवाले तोवर दोन कप चहा प्याले. शेवटची चौकट होती, 'काम करणाऱ्याचे नाव.'

ती चौकट जेमतेम दोन बोटं रुंद होती. काकांनी पहिलंच अक्षर एवढं मोठं काढलं की नाव चौकटीबाहेर गेलं, समास ओलांडून पार कागदाच्या काठापर्यंत.

"खोडून परत लिहिता का?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"कशाला?" काका म्हणाले. "दिसू दे."