आईसाहेबांच्या विलायतगमनाची बखर

श्री. जळाचे स्वामी वरुणदेव सुप्रसन्न असोत आणि लिहिणाराचे हातून पदरचे काही न लिहिले जावो. शके अठराशे चौदा, नंदननाम संवत्सरे, चैत्रमासी, एका संस्थानी ऐसे वर्तमान जाहले की, महाराजांच्या भगिनी ताईसाहेब नवऱ्यासमागमे विलायतेस राहात होत्या, त्यांस पाचवा महिना लागल्याची तार आली, आणि श्रावणात प्रसूत होणार ऐसे कळले. पहिले बाळंतपण माहेरी, हा घराण्याचा रिवाज. परंतु डॉक्टरांनी ताईसाहेबांस प्रवास मना केला. मग आईसाहेब बोलिल्या, "लेक माहेरी येत नाही, तर माहेर लेकीकडे जाईल. पंत, आगबोटीची खोली धरा." कारभारी अंतोजीपंत मान लववून निघाले, आणि तिथेच पुरते अडकले, कारण महाराजांनी दरबार भरविला.

मग ऋतूचा खल सुरू जाहला. वैशाखात तांबडा समुद्र तव्यासारखा तापतो, सबब वैशाख नको. ज्येष्ठ-आषाढी वारे माजते, आणि नारळी पौर्णिमेस दर्याची पूजा जाहल्यावाचून राजघराण्याने दर्यावर पाय ठेवू नये, सबब तेही नको. भाद्रपदी पितृपक्ष. अखेर राजज्योतिषी केशंभट बोलिले, "कार्तिक उत्तम." पंत म्हणाले, "शास्त्रीबोवा, मूल श्रावणात व्हायचे आहे!" त्यावर महाराज गंभीरपणे म्हणाले, "मग ताईस तार करा, जरा दमाने घे म्हणावे." पंतांनी कपाळास हात लाविला आणि घाम पुसल्याचा बहाणा केला.

मग खोलीचा खल निघाला. उत्तरेस डोके करून निजू नये, पूर्वेस करावे, सबब दिवाणखान्यात खडूने आगबोट आखिली, आणि खाटा मांडून, होकायंत्र ठेवून, केशंभट स्वतः खाटेवर निजून पाहू लागले, आणि ज्येष्ठ लागला तरी निजतच होते. पंतांचा संयम सुटला, म्हणाले, "अहो, आगबोट वळते! सकाळी पूर्वेस असलेले डोके सायंकाळी उत्तरेस जाईल!" सरदार हसले. महाराज म्हणाले, "राजमाता आत असता वळेल कशी? कप्तानास आज्ञापत्र धाडा." पंतांनी धाडिले, करितात काय! कंपनीचा जबाब आला की, आगबोट न वळविल्यास डोंगरास लागेल. त्यावर, तो डोंगर कोणाच्या मुलखातला, याची चौकशी करण्यास मंडळी नेमिली गेली. आता या लोकांपुढे डोके आपटावे की भिंतीवर, ऐसे पंतांस जाहले.

इतक्यात दुसरी तार आली. ताईसाहेबांचे पाय सुजले होते, डॉक्टर मान हालवीत होते, आणि तारेच्या शेवटी इतकेच होते: "आई, लवकर ये." ती ऐकून दरबाराने मुहूर्त पुन्हा तपासण्याचे ठरविले. पंत मात्र उठले, तडक आईसाहेबांकडे गेले आणि बोलिले, "आईसाहेब, परवा आगबोट सुटते. खोली तळाची, यंत्राशेजारची, खिडकी नाही, दर्या खवळलेला. मी धरून ठेविली आहे. महाराजांस विचारलेले नाही." आईसाहेब म्हणाल्या, "अहो पंत, आम्हांस लेकीचे तोंड पाहायचे आहे की समुद्राचे? आधीच का नाही बोललात?" मग आईसाहेबांनी डिंकाचे लाडू डब्यात भरिले, दासी तुळसा बरोबर घेतली, आणि दरबार डोंगराची चौकशी करीत असता बंदराकडे निघून गेल्या.

महाराज फार कोपले. पंतांची पालखी बंद जाहली, केशंभट भर दरबारी "अनर्थ होईल" म्हणाले, आणि पंत ऐकून घेते जाहले. परंतु त्यांसही अन्न गोड लागेना. वादळाचे वर्तमान आले की देवापुढे बसत. मग श्रावणात आईसाहेबांची तार आली: "आदल्या दिवशी पोचले. फार कठीण गेले. नात जाहली, दोघी जिवंत आहेत. लेक माझा हात सोडीत नाही."

तार वाचून महाराजांचेही डोळे भरून आले. मग डोळे पुसून, केशंभटांकडे वळून त्यांनी विचारिले, "परतीस ऋतू कोणता धरावा?" तेव्हा अंतोजीपंत दरबारात प्रथमच ओरडले, "लेक हात सोडील तो!" केशंभटांनी पंचांग मिटिले. येणेप्रमाणे जाहले तैसे लिहिले. वाचणारांनी सुखी असावे.