शेणखताच्या शेतात युरिया पडला, ती हकीकत

श्रीधरित्री समर्थ. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका थोर राज्याचे सरकारी बीजवाडीत गव्हाचा घात जाहला, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. लिहिणारास राग आहे, तो झाकीत नाही.

त्या बीजवाडीवर सगुणाबाई काळमेघ म्हणोन गव्हाच्या जाणत्या विदुषी चाकरीस होत्या. त्यांणी उंच वाढणारा जुना बन्सी गहू आणि दरबारास प्रिय ठेंगणा गहू यांचा संकर करोन एकशेऐंशी वाण सिद्ध केले, आणि तेच वाण एका शेतात युरियावर आणि दुसऱ्या शेतात नुसत्या शेणखतावर ऐसे दरसाल पेरीत गेल्या, आणि कोण किती उंच, कोणास फुटवे किती, कोण तण दाबितो, हे गुडघे टेकोन मोजीत गेल्या. मग पानांतील गुणसूत्रे तपासवून, कोणता गुण कोणत्या सूत्राचे कोणते ठिकाणी वसतो याचा नकाशा मांडीत गेल्या. सहा वर्षांनी दिसोन आले जे, तण दाबण्याचा गुण बन्सीकडील एके ठिकाणी बसतो, आणि तो शेणखतातच प्रकटतो, युरियात निजोन राहतो. सातवे वर्षी पडताळा मिळता, तर युरिया न घालणारे रयतेस त्यांचे जमिनीजोगे बियाणे मिळते.

पौषमासी बाई पाने घेवोन राजधानीचे प्रयोगशाळेस गेल्या. इतक्यात महाराजांची स्वारी येणार ऐसे पत्र आले. बीजवाडीचे कारभारी रंगोपंत यांणी शेणखताचे शेत पाहिले, तो पाने फिकट, मग राखणदार राणोजी वाघचौरे यास फर्मावले, "तीन गोण्या युरिया टाका आणि पाणी सोडा."

राणोजी म्हणाला, "पंत, हे बाईंचं रान आहे. यात ओंजळभर पडला तरी सगळं वर्ष बाटेल."

"महाराजांस पिवळे शेत दाखवू काय? टाका."

राणोजीने गोणीस हात लाविला नाही, मग पंतांणी दुसरे गडी लाविले आणि दुपारपावेतो काम उरकले.

बारा दिवसांनी बाई परतल्या, तो शेत काळेभोर हिरवे. बांधावर उभ्या राहोन त्यांणी पुसिले, "राणोजी, काय घातलंत?"

"मी नाही घातलं, बाई. पण थांबवताही आलं नाही."

बाई शेतात उतरोन ओळीओळीने पाहत गेल्या. तण दाबणारे वाण आणि न दाबणारे वाण एकाच तोऱ्याने उभे होते, भेद म्हणोन उरला नव्हता.

दुसरे दिवशी स्वारी आली आणि महाराज प्रसन्न होवोन बोलिले, "शेणखतावर इतके हिरवे! पंत, शाबास." मग बाई पुढे होवोन म्हणाल्या, "महाराज, हे शेणखताचं नाही. पंतांनी युरिया टाकवला. माझं सातवं वर्ष मारलं." पंत हसोन बोलिले, "बाई थकल्या आहेत." महाराजांणी घड्याळ पाहिले आणि फोटोवाल्यांस पुढे येण्याची खूण केली.

मग हुकूम आला जे, सातही वर्षांचे आकडे घालोन नकाशा छापावा. बाईंणी सहा वर्षे घातली आणि सातव्याचे जागी लिहिले, "कारभाऱ्यांचे हुकुमाने युरिया टाकिला, सबब रद्द." पंतांणी ती ओळ खोडावयास तीन वेळ सांगितले.

"ओळ जाणार असेल तर माझं नावही काढा," बाई म्हणाल्या.

तेव्हा ओळ गेली, तिचे जागी बाटलेले आकडे आले, नाव गेले, आणि बाईंची बदली कापसाचे खात्यात जाहली. त्या बाटलेल्या वर्षी युरिया खावोन ठेंगणे वाणच सरस दिसले होते, त्या जोरावर दरबाराने ठेंगणा गहूच शेणखतास योग्य ठरविला, आणि पुढील साली रयतेने तो विश्वासाने पेरिला, आणि चांदवेल व हरळी या तणांणी तो गिळिला. मग दरबार म्हणो लागला जे, युरियावाचोन गहू होतच नाही.

सारांश, सात वर्षांची विद्या एका दुपारी बुडाली. पंतांस शाल मिळाली. दोष मात्र शेणखताचे माथी लिहिला गेला, आणि तो अद्याप कोणी पुसिला नाही.