मंजूर छटेचा पत्रा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याला जुनं असं काहीतरी तातडीनं हवं होतं. शोधता शोधता आमच्या गावचा किल्ला सापडला, आणि किल्ल्याला लागून असलेली आमची गल्ली एका सकाळी 'ऐतिहासिक परिसर' म्हणून जाहीर झाली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गल्लीत प्यायला पाणी नव्हतं, पण इतिहास कोरडाही चालतो असं मानून आम्ही पेढे वाटले.

त्याच महिन्यात माझ्या शेजारच्या बसम्माचं माळवद खचलं. माळवद म्हणजे लाकडावर माती थापून केलेलं सपाट छत. ते पुन्हा घालायचं तर माती कालवायला पाणी हवं, आणि बांधकामाला पाणी वापरायला बंदी. म्हणून तिनं बारा पत्रे आणले. लेक कमलम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरला होता आणि घरात खोली एकच होती, आता तीही उघडी.

पत्रे भिंतीला टेकतात न टेकतात तोच रामकिशन कारकून हजर झाला.

"थांबा. पत्र्याचा रंग समितीकडून मंजूर करून घ्यावा लागंल."

"पत्र्याला पत्र्याचा रंग हाय की," बसम्मा म्हणाली.

"त्योच आक्षेप हाय. लई चमकायलाय."

ही 'किल्ला परिसर सौंदर्यरक्षण समिती'. तीन सरकारी सदस्य आणि एक नागरी. नागरी सदस्य मी, गुंडप्पा. कापडाचं दुकान असल्यामुळे मला छटांची जाण आहे, असा शेरा मारून माझी नेमणूक झाली होती. शेरा खोटा नव्हता.

पहिल्या बैठकीत ठरलं की पत्रा चकचकीत नको, मंद हवा. मंद म्हणजे किती मंद, हे जिल्ह्याला विचारलं. जिल्ह्यानं कळवलं की व्याख्येची फाईल जुन्या जिल्ह्यातच राहिली आहे, आल्यावर पाठवू. दुसऱ्या बैठकीत विटकरी, शेवाळी आणि राखाडी असे तीन पक्ष पडले. मी विटकरीच्या बाजूनं दोन तास बोललो, पुराव्यादाखल चार लुगडी उलगडून दाखवली. बसम्मानं तोपर्यंत भिंतींना दोन सतरंज्या बांधून लेकीपुरती सावली केली होती.

तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष साहेबांनी वाद मिटवला. "आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. परिसरात मूळ पत्रा कोणता, ते पाहा."

मूळ पत्रा निजामाच्या काळातल्या जकात नाक्यावर होता. सगळी समिती तिथं गेली, मान वर करून बराच वेळ उभी राहिली. छटा एकच होती, वरपासून खालपर्यंत: गंज. ठराव एकमतानं झाला. 'गंज, मंद' हीच अधिकृत छटा. तसा रंग लावून चालणार नाही, कारण ती इतिहासाची नक्कल होईल. पत्रा स्वतः गंजलेला हवा.

"गंज कवा चढंल?" बसम्मानं विचारलं.

"पाऊस पडला की," साहेब म्हणाले.

"पाऊस पडल्यावर तर पत्रा डोक्यावर लागंल की वो!"

"पण अजून पाऊस नाही ना? मग छताची घाई कशाला?"

"अन् ऊन?"

रामकिशननं अर्ज चाळला. "उन्हाचा उल्लेख न्हाई, साहेब."

मला बसम्माची कणव आली. मी धावपळ करून पत्रे गंजवण्यासाठी टँकर मंजूर करून आणला. टँकर गल्लीत शिरला तेव्हा बायका घागरी घेऊन धावल्या. रामकिशननं त्यांना समजावलं की हे पाणी पिण्याच्या सदरातलं नाही. पत्रे रस्त्यावर अंथरून मीठ टाकून भिजवले. पण पत्र्यांवर जस्ताचा थर, गंजेनात. मग जस्त खरवडायला रोजगार हमीवरची दहा माणसं लावली. आता पत्र्यांवर भुरकट तांबडे डाग फुटू लागले, आणि खरं सांगतो, ते पाहायला सगळी गल्ली लोटली. घागरी बगलेत धरूनच बायका म्हणायच्या, "तिकडचा जरा फिकाच हाय." कुणी आरडाओरडा केला नाही. मी रोज कापडाचा तुकडा लावून छटा जुळवायचो. तसा आनंद मला दुकानात कधी मिळाला नाही.

महिन्या-दीड महिन्यात अकरा पत्रे पास झाले. बारावा जास्त गंजून त्याला भोक पडलं. संच एकसारखा हवा, म्हणून बाकीचे अकराही थांबले.

त्या शुक्रवारी भर दुपारी, सतरंज्यांच्या सावलीत, कमलम्मा बाळंत झाली. संध्याकाळी बसम्मा साखर घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीशी आली. घामानं निथळत होती, पण हसत होती.

"अण्णा, नात झाली."

मला मनापासून आनंद झाला. बाळंतीण कशी आहे, बाळानं दूध घेतलं का, हे सगळं विचारायचंच होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं जे आधी विचारलं, आणि तुम्हीही विचारलं असतं, तेच माझ्या तोंडून आधी निघालं.

"रंगानं कशी हाय?"

बसम्मानं माझ्या तळव्यावर साखर ठेवली.

"सावळी हाय, अण्णा. ठेवू का न्हाई, तेवढं समितीला इचारून सांगा."