एक्केचाळीस जणांचा पगार

"अजून एक पदवी घे, मग बघ पगार कसा धावत येतो," असं बाबा म्हणायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण तो खर्जातला आवाज अजून कानात घुमतो. शैक्षणिक प्रशासनातली पदव्युत्तर पदवी मी घेतली ती त्या आवाजाच्या भरवशावर. फी मात्र भरली धाकट्या बहिणीनं. ती रुग्णालयात परिचारिका. माझ्यासाठी दोन वर्षं तिनं सुट्टीच्या दिवशीही पाळ्या केल्या, पाय सुजवून घेतले.

पदवी मिळाली आणि मी उपमुख्याध्यापक झालो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, आमच्या शाळेत माझ्याइतके बिनचूक तक्ते कुणी भरत नाही. बढाई म्हणा हवं तर!

एके दिवशी मी शाळेचं पगारपत्रक पाच प्रतींत उतरवत बसलो होतो. शिक्षक, कारकून, शिपाई धरून एक्केचाळीस माणसं, आणि तळाशी बेरीज. तेवढ्यात विद्यापीठाचा कागद आला: या पदवीनंतर तुम्हाला महिन्याला किती मिळतं? हात उताराच्या पाण्यासारखा वाहत होता. पाच कागदांवर जी बेरीज लिहिली, तीच सहाव्यावरही लिहिली. वर शाळेचा शिक्का मारला. मुख्याध्यापिकाबाईंनी न वाचता सही केली. माझ्या तक्त्यांवर त्यांचा तेवढा विश्वास.

महिन्याभरात विद्यापीठाची माहितीपुस्तिका निघाली. पहिल्याच पानावर माझा फोटो, आणि खाली एक्केचाळीस जणांचा पगार, एकट्या माझ्या नावावर.

शिपाई मला बघून उठून उभा राहू लागला. स्टाफरूममध्ये मी शिरलो की गप्पा विझायच्या, दिवा मालवावा तशा. चहाचं बिल न विचारता माझ्यापुढे यायचं. चित्रकलेच्या सरांनी तर शांतपणे विचारलं, आमचे पगार दर महिन्याला रखडतात ते याचमुळे का. शेवटी मी खुलाशाचं पत्र लिहिलं, तर बाईंनी ते हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, सही माझी आहे, निवृत्तीला सात महिने राहिलेत, तेवढे दिवस श्रीमंत राहा.

राहिलो. खोटं कशाला सांगू, दोन दिवस बरंही वाटलं.

रविवारी बहीण आली. पिशवीतून तिनं पुस्तिका काढली, माझ्या फोटोवरून हात फिरवला. मग एक पाकीट काढलं. आत राजीनामा होता. पक्की नोकरी सोडून ती हीच पदवी घ्यायला निघाली होती. राजीनामा उद्याच देणार होती.

मी म्हणालो, छपाईची चूक असेल गं.

"दादा, तू पहिल्यापासून असाच, स्वतःचं मोठेपण लपवणारा. विद्यापीठात फोन केला मी. शाळेचा शिक्का आहे म्हणाले."

या कामात डोकेदुखी फार, असं मी सांगून पाहिलं. पायदुखीपेक्षा बरी, ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. बोलता बोलता पाकीट चिकटवायला तिनं त्याची कड ओठांशी नेली.

"चिऊ, थांब," मी म्हणालो. "उपमुख्याध्यापक झालो आणि जादा तासांचे पैसे बंद झाले. पदवीनंतर माझा पगार कमी झालाय. तीन वर्षं झाली, तुला सांगायचं धाडस झालं नाही."