चढावर थांबणारे वानखेडेकाका

सायकलवर घाट चढता येतो म्हणून मिरवता. पण चढावर थांबता येतं का तुम्हाला?

आमच्या शेजारच्या वानखेडेकाकांना येत नव्हतं. वर्ध्याकडून आलेले हे निवृत्त फिटर पेडलमध्ये बूट अडकवून सायकल चालवतात. रोज सोसायटीच्या चढावरच्या फाटकापर्यंत ऐटीत यायचे आणि तिथे सायकलसकट आडवे व्हायचे. पडल्यापडल्याच वॉचमनला विचारायचे, "काय राजे, चहा झाला का?"

या बुटाची टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. सपाटीवर तेवढा वेळ मिळतो. चढावर वेग असा मरतो, की टाच आठवेपर्यंत कोपर डांबराला टेकलेलं असतं.

मग काकांनी सरावाला पार्किंगचा रॅम्प धरला. सकाळ-संध्याकाळ एकच घोष : "हलका गिअर! डावी टाच! कल बी डावीकडंच!" घाटात उजवीकडे ट्रक असतात ना! मागून गाडीवाले हॉर्न मारत. काका हटत नसत.

काकांच्या सायकल क्लबचा कॅप्टन वैतागला. "अहो काका, घाटात थांबायचंच नाही. वर टपरीवर थांबायचं. शिस्त आहे ही."

"मंग मधात कोणी पडलं तर त्याले उचलणार कोण?"

सगळे हसले. पुढच्या राइडला पडलात तर क्लबमधून नाव कमी, असं कॅप्टनने बजावलं.

रविवारी बोपदेव घाट. मी क्लबसाठी पाण्याचे कॅन घेऊन स्कूटरवर एक वळण मागे होते. वरच्या वळणावर हिंजवडीत नोकरी करणारी नवी मुलगी, नेहा, धपकन पडली. बूट पेडलमध्ये, सायकल अंगावर. एकेक जण "ओके ना? ये वर, चहा सांगतो!" ओरडत पुढे गेला. थांबणार कसे? थांबले असते तर पडले असते! आणि याला म्हणे शिस्त!

काकांनी गिअर हलका केला. वेग शिल्लक असतानाच डावी टाच बाहेर. कल डावीकडे. पाय डांबरावर, आणि काका उभे! खांबासारखे उभे! मी हॉर्न वाजवत सुटले.

त्यांनी नेहाचा बूट सोडवला, सायकल उचलली, तिच्याशेजारी कठड्यावर बसले.

"सॉरी काका, तुमची राइड बिघडली."

"कायची बिघडली? मागच्या वर्षी मी पडलो होतो इथंच. पाय अडकलेला. सगळे असेच इचारून गेले." बाटली तिच्याकडे सरकवत ते हळूच म्हणाले, "लय वेळ आभाळ पाहत होतो, पोरी."

सायकलवाल्यांनो, पुढचा घाट चढण्याआधी एखाद्या छोट्या चढावर थांबायला शिका. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर नुसतं विचारू नका. उतरा.